बाबांच्या तोंडाला बसेल असा माउथपीस

माझ्या बाबांनी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर पाचव्याच महिन्यात ते जिन्यावरून पडले. आमच्या इमारतीची लिफ्ट त्या दिवशी चालू होती, पण दोन मजल्यांसाठी लिफ्ट कशाला, हा त्यांचा बाणा. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. त्या त्यांनी सोडल्या नाहीत, म्हणून कठडा धरता आला नाही. पिशवीतले टोमॅटो शाबूत राहिले आणि बाबांचे समोरचे, वरचे तीन दात गेले. आईने रक्त पुसलं, त्यांना दवाखान्यात नेऊन आणलं, गार दूध पाजलं, आणि मग टोमॅटोंवरून जे काही बोलायचं होतं ते सगळं बोलून घेतलं.

दात नवे करायचे हा आमच्या घरात मोठा प्रश्न नव्हता, कारण तो माझाच धंदा आहे. मी दातांची डॉक्टर नाही. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, त्यावरून ओतलेला प्लास्टरचा जबडा आमच्याकडे येतो, आणि एका लांबट खोलीत खिडकीकडे तोंड करून बसलेल्या आम्ही चौघीजणी त्यावर दात घडवतो. माणूस आम्हाला कधी दिसत नाही. डबीवर नुसता नंबर असतो. बारा वर्षांत हजारो जबडे माझ्या हातांखालून गेले, ओळखीचा हा पहिलाच.

ते काम मी कुणाला हात लावू दिलं नाही. बाबांचा तिशीतला एक फोटो आहे, बँडच्या गणवेशातला, मनापासून हसतानाचा. तो समोर ठेवून मी तीन दात केले. रंग शेजारच्या दातांशी इतका जुळवला की मलाच शोधावं लागावं. कडा पातळ, टोकाशी किंचित पारदर्शक, तरुण माणसाच्या असतात तशा. टाळूला चिकटणारी छोटी कवळी, काढता-घालता येणारी. डॉक्टरांनी ती बसवली तेव्हा आरसा धरायला मी तिथे मुद्दाम हजर होते. घरी आल्यावर आई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, बरे दिसताय, आता जरा दाढीही नीट करत जा. आमच्या आईकडून एवढं म्हणजे हारतुरेच.

अडलं ते क्लॅरिनेटपाशी.

बाबा कामगारांच्या हौशी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. बँडमध्ये बसचे चालक, शिंपी, एक दाई, दोन शाळामास्तर असे सगळे. दर गुरुवारी सराव आणि महिन्यातून एका रविवारी बागेत वादन. लिफ्टच्या कंपनीत बाबांना सगळे ‘फुंकणी’ म्हणायचे. डबा खाऊन झाला की बाबा शाफ्टच्या तळाशी जाऊन वाजवत बसायचे आणि सूर सहाव्या मजल्यापर्यंत चढायचा. पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची त्यांची होती, आणि मला आठवतं तेव्हापासून त्यांचीच होती.

नवे दात बसून आठवडा झाल्यावर त्यांनी पेटी उघडली. मी त्या दिवशी घरीच होते. आतल्या खोलीतून आधी नुसती हवा ऐकू आली, मग एक सूर, मग चिरका आवाज, मग काहीच नाही. बाहेर येऊन ते म्हणाले, रीड जुनी झाली. रीड म्हणजे माउथपीसला बांधतात ती वेताची पातळ पट्टी. तीच थरथरते आणि सूर निघतो. नवी रीड आणली. मग म्हणाले, हवा कोरडी आहे. मग काही म्हणेनासे झाले, आणि सकाळचा त्यांचा रियाजाचा तास रिकामा राहायला लागला.

आईने तीस वर्षं त्या तासाबद्दल कुरकुर केली होती. आता ती त्या वेळी रेडिओ लावायची आणि पाच मिनिटांत बंद करायची. एकदा तिने मला कामावर फोन केला. असा फोन ती कधी करत नाही. म्हणाली, “तुझ्या बाबांनी बँडमास्तरांना कळवलंय की गुडघा दुखतो, सरावाला येता येणार नाही. आणि सकाळपासून हे दोनदा जिना चढलेत.”

त्या संध्याकाळी मी बाबांना सरळ विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. क्लॅरिनेटचा माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा तो काळा, चोचीसारखा भाग, त्यांनी माझ्या हातात दिला. वरचे दात त्याच्यावर टेकतात, खालचा ओठ रीडला आधार देतो, आणि दोन्हींमधून फुंक जाते. नवे दात त्यावरून घसरतात, असं ते म्हणाले. घसरू नयेत म्हणून जोर लावला की कवळी मागून सुटते, आणि कवळी सांभाळावी तर ओठ ढिला पडतो. “याचं नि माझं आता जुळत नाही,” एवढंच म्हणून त्यांनी तो पुन्हा कापडात गुंडाळला.

दातांबद्दल मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. म्हणूनच मला ते जास्त लागलं.

मी चौकशी सुरू केली. माझ्या शेजारी बसून काम करणारीचा दीर मोठ्या वाद्यवृंदात वाजवतो. त्याने एका माउथपीसचं नाव सांगितलं. हाताने घासून केलेला, कठीण रबराचा, परदेशातून मागवावा लागतो. किंमत ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला. माझा दीड महिन्याचा पगार. पण माझं ठरलं. बाबांना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. एवढ्या पैशांत आपल्या स्वयंपाकघराला नवी खिडकी येईल, म्हणाले. मी हटले नाही, तेही हटले नाहीत. शेवटी त्यांनी मान्य केलं ते इतकंच, की आपण वाद्यदुरुस्तीवाल्या बाईंकडे जाऊ आणि बघू. बाबांना परवडेल असं काही मिळालं तर घेऊ, नाही तर विषय बंद.

बाईंचं दुकान एका बोळात, चपला शिवणाऱ्याच्या वरच्या मजल्यावर आहे. दोन खोल्या. भिंतीवर पितळी वाद्यं कढया टांगाव्यात तशी टांगलेली. टेबलावर बुचाचे तुकडे, स्प्रिंगा, बारीक स्क्रूंच्या डब्या. बाई सत्तरीच्या, ठेंगण्या, कपाळावर भिंग चढवलेलं. बँडवाले त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात आणि जरा घाबरूनच असतात. मी गेल्यागेल्या त्या परदेशी माउथपीसचं नाव घेतलं. बाई म्हणाल्या, आहे एक माझ्याकडे, कुणीतरी विकायला दिलेला. मग माझ्याकडे पाठ करून त्या बाबांना म्हणाल्या, आधी जुन्यावर वाजवून दाखवा.

बाबांना ते नको होतं. परक्यासमोर चिरका आवाज काढायचा म्हणजे त्यांना अंगावरचे कपडे उतरवण्यासारखं वाटलं असणार. बाईंनी ते ओळखलं असावं. त्या खाली मान घालून एक बूच कानशीने घासत बसल्या, जशा काही ऐकतच नाहीत. बाबांनी वाजवलं. दोनदा चिरकलं. बाई न बघता म्हणाल्या, चालू दे.

मग त्या आत गेल्या आणि ताटलीत पाच माउथपीस घेऊन आल्या. पाचही सारखेच काळे. नाव आणि नक्षी जिथे असते तिथे प्रत्येकावर कागदी पट्टी गुंडाळून तिच्यावर एक ते पाच आकडे घातलेले. नाव वाचून वाजवलं की कान ऐकायचं सोडून देतात, असं त्या म्हणाल्या. नियमही सांगितले. पाचांवर एकच रीड. आधी सगळ्यात खालचा सूर, अगदी हळू. मग खालच्या सुरांतून वरच्यांत चढायचं, कारण क्लॅरिनेट अडतं ते नेहमी त्या वळणावर. मग जिभेने तुटक तुटक. आणि आवडतं गाणं बिलकूल नाही. आवडतं गाणं कशावरही बरंच वाजतं. मला त्यांनी खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि हातात कागद-पेन्सिल दिली.

पहिल्याचा आवाज मोठा, पत्र्यासारखा. दुसरा नाकात बोलणारा. तिसरा बरा, साधा, त्याच्याबद्दल मला लिहिण्यासारखं काही सुचलं नाही. चौथा सुरू झाला आणि माझी पेन्सिल थांबली. काय तो आवाज होता, दाट, उबदार, खोलीचे कोपरे भरून टाकणारा. बाबांचं जुनं वाजवणंसुद्धा मी असं ऐकलं नव्हतं. मी चारभोवती गोल काढला, त्याच्याभोवती आणखी एक. पाचवा वळणावर पोचायच्या आधीच किंचाळला.

मी वळून म्हणाले, चार. बाईंनी चहा टाकला आणि आम्हाला बसवून ठेवलं. त्यांचं म्हणणं, पाच मिनिटं सगळेच चांगले असतात, पाऊण तासानंतर बोलू. चहा झाल्यावर त्यांनी बाबांना तीन आणि चार आलटून पालटून वाजवायला लावले, दहा दहा मिनिटं, न थांबता. या वेळी माझं तोंड बाबांकडेच होतं. चारवर पहिली दोन मिनिटं तेच वैभव. मग बाबांचे गाल ताठ झाले, मानेची शीर वर आली, सूर खाली घसरायला लागला. सहाव्या मिनिटाला त्यांनी थांबून हातरुमालाने ओठ टिपला. तीनवर तसं काही झालं नाही. आवाज साधाच राहिला, पण पहिल्या मिनिटाला होता तसाच दहाव्या मिनिटाला होता. एकदाच चिरकला.

बाईंनी पट्ट्या सोडल्या. चार नंबर तोच, माझा दीड महिन्याचा पगार. तीन नंबर प्लास्टिकचा, शाळा डझनाने घेतात त्यातला. त्याची किंमत बऱ्यापैकी चपलांच्या एका जोडाएवढी.

मी म्हणाले, प्लास्टिक? बाईंनी मला समजावून सांगितलं, आणि खरं तर धंद्यातली म्हणून मला ते आपणहून कळायला हवं होतं. माल कुठला याने थोडाच फरक पडतो. खरं महत्त्व असतं ते रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक यांच्यामधल्या फटीला. ती किती उघडी आणि तिचा उतार किती सरळ, यावर सगळं. चार नंबरची फट मोठी. ती दाबून धरायला जबड्यात ताकद लागते आणि दात पक्के लागतात. तीनची फट अरुंद, कमी जोरात बोलणारी. यंत्रातून निघालेल्या अशा दहांतले दोन-तीनच सरळ निघतात, ते त्या स्वतः मोजून बाजूला ठेवतात.

हे सगळं पटूनही मी अडूनच बसले. चारची सवय होईल, म्हणाले. दोन महिने लागतील, चार लागतील. पैसे माझे आहेत. माझा आवाज जरा चढला असावा, कारण बाई उठून आतल्या खोलीत गेल्या आणि कपाट उघडून काहीतरी शोधायला लागल्या.

बाबा म्हणाले, “इकडे बघ. तू केलेल्या दातांनी मी सफरचंद खातो. चारचौघांत हसतो. मला या दातांबद्दल तक्रार नाही, तुझ्याबद्दल तर नाहीच नाही.”

“पण वाजत नाही ना, बाबा.”

“वाजत नाही, ते जिन्यामुळे. तू महागाचा माउथपीस घेतलास म्हणून माझं ते पडणं काही पुसलं जाणार नाही. आणि तो घेतला, तर रोज मला तो वाजलाच पाहिजे म्हणून वाजवावं लागेल. मला ते नकोय गं.”

मी कागदाची घडी घालत बसले. डोळे भरून आले होते आणि घडी काही सरळ येईना.

बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात बोटाएवढा दिवा होता. क्लॅरिनेटच्या नळीत सोडून कुठल्या झाकणातून हवा गळते ते त्या त्याने शोधतात. बाबांना म्हणाल्या, तोंड उघडा. भिंग डोळ्यांवर ओढून त्यांनी बराच वेळ पाहिलं. कुणी केलेत, म्हणून विचारलं. मी म्हणाले, मी.

“सुंदर आहेत,” बाई म्हणाल्या. “फारच सुंदर आहेत. पण या कडेवर वाद्य टेकायचं कुठे?”

तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचे वरचे दात त्यांनी कित्येक पाहिले होते. समोरच्या दोन दातांची धार घासून सपाट होते, मध्ये अगदी बारीक खाच पडते, आणि त्या सपाटीवर माउथपीस बसतो. बाबांच्या खऱ्या दातांनाही तशी खाच होती. मी ती लहानपणापासून पाहिली होती. ते हसले की दिसायची. आणि दात करताना मला ती आठवलीही होती. आमच्या धंद्यात तिला झीज म्हणतात, आणि झीज दिसली की हात आपोआप ती भरून काढतो. मी फोटोतल्या माणसाचे दात केले होते. तो माणूस तेव्हा बँडमध्ये नुकता आला होता.

तीन नंबर बाबांनी स्वतःच्या पैशांनी घेतला. बाईंनी माउथपीसवर, दात टेकतात तिथे चिकटवायला रबराची एक पातळ चकती फुकट दिली, घसरणं जरा कमी होईल म्हणून. जुना माउथपीस मोडीत घेतील का, असं मी विचारणार होते, पण बाबांनी तो आधीच खिशात टाकला होता.

दुसऱ्या दिवशी कामावर मी डॉक्टरांकडून जबडा परत मागवला आणि दुसरी कवळी करायला घेतली. दात जाड, कडा सपाट, मध्ये खाच. टाळूकडची बाजू घासून पातळ केली, जिभेला जागा मिळावी म्हणून. शेजारच्या दातांना धरणाऱ्या तारा दोनाच्या चार केल्या. दिसायला ते दात काही नीट नव्हते. शेजारचीने विचारलं, कुणाचे गं, घोड्याचे का? मी म्हणाले, बाबांचे. तिने जीभ चावली, मग मलाच हसू आलं, आणि आम्ही चौघी यंत्रं बंद करून हसलो.

तेव्हापासून बाबांच्या दातांचे दोन संच झाले. आई एकाला ‘पाहुण्यांचे’ म्हणते आणि दुसऱ्याला ‘कामाचे’. एकदा भाच्याच्या लग्नात बाबा चुकून कामाचे घालून गेले आणि सगळ्या फोटोंत तसेच हसले. आईने तो विषय अजून सोडलेला नाही.

नवा माउथपीस आणि दुसरे दात आले म्हणून सगळं लगेच पूर्ववत झालं नाही. पहिले आठ-दहा दिवस ते फक्त लांब सूर धरायचे, पंधरा मिनिटं, मग विश्रांती. सहा आठवड्यांनी वळण जमलं. सगळ्यात वरचे सूर मात्र परत आले नाहीत. येतील म्हणून त्यांनी महिनाभर वाट पाहिली, आणि मग एका गुरुवारी ते सरावाला गेले. बँडमास्तरांना त्यांनी सांगितलं की गुडघ्याचं खोटं होतं, दातांचं खरं आहे, आणि पहिल्या खुर्चीचं काम आता झेपणार नाही. दुसऱ्या रांगेत जागा असेल तर बसतो. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, बूट काढता काढता, काहीच घडलं नसल्यासारखं. त्यांच्या खुर्चीवर मधल्या काळात एक शिवणकाम करणारी तरुण बाई बसायला लागली होती. ती उठायला लागली तर बाबांनी तिला बसून राहायला सांगितलं आणि तिच्या मागची खुर्ची ओढून घेतली.

महिन्याच्या रविवारी मी आणि आई बागेत गेलो. घडीच्या खुर्च्या, पुढे मुलं, मागे कुत्र्यांना फिरवणारे लोक. दुसरी रांग पहिलीच्या डोक्यांआड जाते, त्यामुळे बाबांची टोपी तेवढी दिसत होती. ज्या लांब आलापावर इतकी वर्षं बाबा एकटे उभे राहायचे, तो त्या शिवणकामवालीने वाजवला. तिने छान वाजवला. मी आईकडे पाहिलं नाही.

“हे कुठेयत?” आई हळूच म्हणाली. “मला तर ऐकूच येत नाहीत.”

मलाही येत नव्हते. खालचे सूर असेच असतात. भिंतीतल्या विटेसारखे, वेगळे काढून दाखवता येत नाहीत. आई पर्स मांडीवर घेऊन पुढे सरकून बसली. तिसऱ्या रचनेत एके ठिकाणी सगळे थांबले आणि खाली एकच सूर उरला. फार मोठा नाही, अगदी साधा. तो चार-पाच मात्रा टिकला, हलला नाही, आणि मग बाकीचे त्याच्यावर येऊन बसले. आई मागे टेकली.

वादन संपल्यावर बाबा पेटी घेऊन आमच्याकडे आले. ओठ जरासा सुजला होता, कामाचे दात घालून ते हसत होते. ऐकू आलो का, असं त्यांनी विचारलं. मी काहीतरी गोड बोलणार होते, पण आई आधी बोलली.

“एकदा,” ती म्हणाली.

“कुठे?”

आईला गाता येत नाही आणि ती कुणासमोर गुणगुणतही नाही. पण तिने इकडेतिकडे बघितलं आणि तो एक सूर हळूच धरून दाखवला, बरोबर तेवढाच लांब.

“हां,” बाबा म्हणाले. “तिथे मी एकटाच होतो.”

तेवढ्यात ती शिवणकामवाली बाबांना काही विचारायला आली. पुढच्या गुरुवारी एक नवी रचना बसवायची होती आणि तिला एका जागी बोटं अडत होती. बाबांनी पेटी खुर्चीवर ठेवली, हवेतच बोटं धरून तिला दाखवायला लागले, आणि आम्ही दोघी घडीच्या खुर्च्या गोळा करणाऱ्यांना मदत करायला गेलो.